नर्सबाईंचा रिकामा अर्धा तास

नर्सबाई पाच वर्षं आमच्या घरात राहिल्या. त्यांतली पहिली चार वर्षं त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. टीव्हीसमोर बसल्या तरी मांडीवर कोथिंबिरीची जुडी असायची. कुणाकडे जेवायला गेल्या तर तिथली भांडी विसळूनच परतत. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून घरी आल्या की दारात चपला काढतानाच त्यांचा प्रश्न ठरलेला असे: “काय करायचं राहिलंय?” वॉर्डात पाळी बदलताना हेच विचारतात म्हणे. आमच्या घरात काही ना काही राहिलेलंच असे, त्यामुळे उत्तरही तयार असे.

इथे परदेशात, पुंगोल उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली हवी म्हणून त्यांनी पहिल्यांदा फोन केला. ख्रिस्ती नाव ऐकून मी दहा मिनिटं माझं ऑफिसातलं इंग्रजी चालवलं. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “ताई, मी वसईची. आमच्या घरी मराठीच बोलतात. तुमच्या पुण्याएवढी शुद्ध नसेल, पण भांडणापुरती आहे.” मी चांगलीच चपापले. भांडण मात्र कधी झालं नाही. मी, माझा नवरा मंदार आणि आमची मुलगी इरा, सगळेच त्यांना नर्सबाई म्हणू लागलो.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि LRTच्या ट्रेनमध्ये हातात जपमाळ, एवढाच त्यांचा धर्म आम्हाला दिसत होता. महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी त्या कुठेतरी जाऊन येत; मैत्रीण असेल, अशी माझी समजूत होती. चौथ्या वर्षी एका रविवारी मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं, “ताई, मला मठात जायचंय. तीन वर्षं तिथल्या प्रमुख मदरना भेटतेय.”

“म्हणजे शाळेत शिकवणार?” माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळा आल्या.

“शाळा नाही, दवाखाना नाही. या मठातल्या बायका आतच राहतात, प्रार्थना करतात. बाहेर यायचं नाही.”

“मग तुमचा तिथे उपयोग काय?” मंदारने विचारलं. तो इंजिनिअर आहे, त्याला दुसरा प्रश्न सुचत नाही.

“मीही देवाला हेच विचारते,” नर्सबाई म्हणाल्या. “आमच्यात याला पाचारण म्हणतात. देव बोलावतो म्हणे. मला अजून नीट ऐकू आलेलं नाही.” मग त्यांनी एका म्हाताऱ्या पेशंटबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी सगळे उपचार थांबवले होते. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या नुसत्या त्याचा हात धरून उभ्या राहिल्या. “तेव्हा वाटलं, आत्ता मी नर्स नाहीये. नुसती आहे. आणि तेवढं पुरतंय.” एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि केरात टाकल्या.

मठाच्या नियमाप्रमाणे, उमेदवार ज्यांच्या सोबत राहते त्यांच्याकडून तिच्याविषयी पत्र मागवतात. ते काम माझ्याकडे आलं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी दरवर्षी बारा जणांचे अप्रेजल लिहिते, त्यामुळे हात बसलेला. दोन पानं टाइप केली: जबाबदारी स्वतःहून घेतात, एका वेळी अनेक कामं सांभाळतात, वेळेच्या आत पूर्ण करतात. ‘सुधारणेला वाव’ या मथळ्याखाली ‘काही नाही’ असंही लिहिलं. आठवड्याभरात मदरचं हाताने लिहिलेलं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं, की आम्हाला कर्मचारी नकोय. हाताशी काही काम नसतं तेव्हा ही मुलगी कशी असते, तेवढं कळवाल का?

मी तोंडघशी पडले. दोन दिवस आठवून पाहिलं, काहीच आठवेना. आठवत होते ते इराचे डबे, घड्या घातलेले कपडे, मी ऑफिसातून यायच्या आत चिरून ठेवलेली भाजी. त्यांचं रिकामं न बसणं आमच्या किती सोयीचं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला लाज वाटली. मी मदरना लिहिलं, “मला माहीत नाही. त्यांना रिकामं बसलेलं मी पाहिलेलं नाही. आणि बसू दिलेलंही नाही.”

त्या पत्रामुळे नर्सबाईंना एक वर्ष थांबायला सांगितलं. शिवाय रोज अर्धा तास नुसतं बसायचं. पुस्तक नाही, जपमाळही नाही. “तुमचं पत्र मदरनी वाचून दाखवलं,” त्या घरी येऊन म्हणाल्या. मी खाली पाहिलं. “खरं तेच लिहिलंत, ताई,” एवढंच बोलून त्या खोलीत गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक खुर्ची नेऊन ठेवली.

सुरुवातीला सगळा तमाशाच होता. चार मिनिटांत उठायच्या. कुकरची शिट्टी झाली, कुणी शिंकलं, काहीही कारण पुरे. इरा मोबाइलवर वेळ लावून पहारा करायची आणि शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत दटावायची: “आंटी, सिट लाह. स्टिल गॉट टेन मिनिट्स.” त्या निमूट बसायच्या, पण बोटं ओढणीच्या काठाशी खेळत राहायची. मलाही पथ्य पाळावं लागलं. “नर्सबाई, जरा...” एवढं तोंडून निघायचं आणि पुढचं मी गिळायचे. खोटं कशाला सांगू, फार जिवावर यायचं.

आठ-नऊ महिने असे गेले. एका संध्याकाळी मी दूध तापत ठेवून ऑफिसचा फोन घेतला आणि विसरले. धावत आले तोवर दूध उतू गेलं होतं. नर्सबाईंनी उठून गॅस बंद केला. मग ओटा तसाच ठेवून त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता की अपराध्यासारखंही काही नव्हतं. हात मांडीवर स्वस्थ होते. ओट्यावरून दूध खाली ठिबकत होतं. मी फडकं घेतलं, आणि पुसता पुसता मला कळलं, की आता या जाणार.

वर्ष संपल्यावर मदरचं पुन्हा पत्र आलं. प्रश्न तोच. या वेळी उत्तर मला चांगलं ठाऊक होतं, आणि तीन आठवडे मी ते लिहिलं नाही. ऑफिसात काम फार आहे, असं सांगत राहिले. नर्सबाईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. त्या माझ्यासमोरून जायच्या, खुर्चीत बसायच्या, उठायच्या. शेवटी मी दुधाची हकीकत जशी घडली तशी लिहिली. खाली एक ओळ घातली, की त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं, पण तो माझा प्रश्न आहे.

वसईला त्यांची आई फोनवर पुष्कळ रडली. मग तिने विचारलं, “तिथं मासळी तरी मिळते का?” मटण वर्ज्य आहे पण मासे चालतात, हे कळल्यावर ती जरा सावरली. एक लहान बॅग घेऊन नर्सबाई निघाल्या. टॅक्सीतून आम्ही मठाच्या दारापर्यंत गेलो. इरा रडली, मंदार बॅग धरून उभा राहिला आणि ती द्यायचीच विसरला.

पहिल्या महिन्यात मला त्यांची आठवण आली ती कामांपायी. चिरलेली भाजी नाही, घड्या नाहीत. मग आम्हाला सवय झाली, इरा स्वतःचा डबा भरायला शिकली. तरी आठवण यायची थांबेना. तेव्हा एका शनिवारी मी भेटीची वेळ मागून घेतली.

भेटीच्या खोलीत मधोमध जाळी होती. पलीकडे साध्या पोशाखात नर्सबाई येऊन बसल्या, जरा बारीक झालेल्या. ‘काय करायचं राहिलंय?’ या त्यांच्या ठरलेल्या प्रश्नाची मी वाट पाहत होते. सांगायला पाच-सहा गोष्टीही जमवून आणल्या होत्या. त्यांनी तो विचारलाच नाही.

“काही काम काढलंत, ताई?”

“काम काही नाही,” मी म्हणाले. “नुसती आले.”

“मग बसा,” त्या म्हणाल्या.