परवानगीच्या रजिस्टरातलं घर

सोमवार, ३० सप्टेंबर १९९६. काम: नगरपालिकेत जाऊन बांधकाम परवानगीच्या रजिस्टरातली नवी नावं उतरवून आणणे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. दर सोमवारी हेच काम असे, त्यामुळे जास्त लिहायची गरज नव्हती. त्या सोमवारी मात्र एक नोंद मी दोनदा ताडून बघितली.

आमचा धंदा सेंट्रिंगचा. स्लॅब टाकायच्या आधी खालून लोखंडी प्लेटा आणि लाकडी बल्ल्यांचा आधार उभा करायचा आणि स्लॅब पक्का झाला की तो उतरवायचा. प्लेटा आमच्या, माणसं सात. काम बघायचे आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. त्यांच्या हाताखाली कधी स्लॅब खचला नाही, पण काम मागायला लोकांच्या दारात जाणं त्यांना जन्मात जमलं नाही. ते मी करायचे.

घर बांधणारा माणूस आधी इंजिनिअर शोधतो, मग गवंडी. सेंट्रिंगवाला त्याला अगदी शेवटी आठवतो आणि तोवर गवंड्यानं आपला माणूस घुसवलेला असतो. मला त्याच्या आधी पोचायचं असे. तालुक्याच्या गावात कुणाचं घर होणार, हे गवंड्याच्याही आधी एका ठिकाणी लिहिलेलं असतं, ते म्हणजे नगरपालिकेचं रजिस्टर. पहिल्यांदा मागितलं तेव्हा बांधकाम विभागातल्या कारकून भाऊसाहेबांनी मला कुणी पाठवलंय ते विचारलं होतं. कुणी नाही, म्हटलं, यादी बाहेर फळ्यावर लावता, मग रजिस्टर बघायला काय हरकत आहे? त्यांनी जरा विचार केला आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. “बघा, पन पान मुडपू नका,” एवढंच म्हणाले.

ते वाचायची एक रीत मी बसवली होती. ‘पत्र्याचे छत’ असेल तर सोडायचं, ‘दुरुस्ती’ असेल तर सोडायचं. ‘मुदतवाढ’ दिसली तर त्या घराचं गाडं कुठंतरी अडलेलं असतं, तेही सोडायचं. दोन इंजिनिअर असे होते की त्यांच्या टोळ्या ठरलेल्या, त्यांची सही दिसली की पान उलटायचं. दहा नावांतून दोन-तीन उरत. त्या सोमवारी एकच उरलं. तळमजला, आरसीसी स्लॅब, साडेसातशे चौरस फूट, नगर रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीतला प्लॉट. अर्जदार शाळेतले गुरुजी. राहण्याचा पत्ता गावातल्या जुन्या आळीतला.

एकच नाव, म्हणून दोनदा ताडून बघितलं होतं. दोन दिवसांपूर्वी आमच्या टोळीचा मुकादम घरी येऊन सांगून गेला होता. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत शेडची कामं निघाली होती आणि तिथला ठेकेदार सगळ्या टोळीला वर्षभरासाठी मागत होता. मुकादम उंबऱ्यावरच उभा राहिला, आत आला नाही.

“वैनी, दिवाळीनंतरचं एक पक्कं काम सांगा, आमी कुठं जात न्हाई. पन येत्या शनवारपर्यंत सांगा. नायतर त्याला शब्द देतो.”

गेलेली टोळी परत येत नाही. नवी माणसं मिळतात, पण बल्ली किती ठोकायची हे त्यांना शिकवेपर्यंत एखादा स्लॅब खाली येतो. शनिवारपर्यंत एक पक्कं घर हवं होतं.

तो पितृपक्षाचा पंधरवडा होता. गावातले बाकीचे ठेकेदार या दिवसांत कुणाकडे नव्या कामाचं बोलत नसत, घट बसायची वाट बघत. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पक्ष-तिथी काही नाही. म्हणून हा पंधरवडा मला नेहमी फायद्याचा वाटायचा; रस्ता मोकळा असे. बोलणी करायची, तारीख दसऱ्यानंतरची धरायची, म्हणजे समोरच्यालाही अडचण नाही. पाच वर्षं हे नीट चाललं होतं. दुसऱ्यांच्या घरात त्या दिवशी काय चाललेलं असेल, हे विचारून जायचं मला कधी सुचलंच नाही.

मी दुपारी बाराला जुन्या आळीत पोचले. अंगणात पंधरा-वीस माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. भिंतीवर केळीच्या पानावर भात, वडे, खीर ठेवली होती. सगळे वर बघत होते. तिथी होती आणि कावळ्याची वाट बघणं चाललं होतं. हे दिसल्यावर मागं फिरायला हवं होतं. पण फाटकाजवळचे सोवळ्यातले पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात विचारते झाले, काय काम आहे. मीही हळूच बोलले. पण तेवढ्या शांततेत हळू बोललेलंही मागच्या परसापर्यंत जातं.

“परवानगी निघालेलं घर तुमचंच ना? स्लॅबच्या कामाचं विचारायला आले होते.”

“आमचं कुठलं घर? आमचं हेच हाय.”

त्यांच्या लक्षात येत नाहीये असं मला वाटलं. मी वही उघडली आणि सगळी नोंद वाचून दाखवली. नाव, प्लॉट, क्षेत्र, परवानगीची तारीख. माझं वाचून होईपर्यंत पानाजवळ उभा असलेला एक माणूस पांढराफटक पडला होता. गुरुजी तेच होते. माझ्यासमोरचे त्यांचे थोरले भाऊ, गावातल्या पिठाच्या गिरणीचे मालक. स्वयंपाकघराच्या दारात एक बाई कढीचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली.

थोरले मला “बरं” म्हणाले, फाटक लावून घेतलं आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवस घरी बस म्हणाले. मी प्लेटांना तेल लावायला घेतलं. एकीला दोनदा लागलं, एक तशीच राहिली.

दिवे लागायच्या वेळेला गुरुजी सायकलवरून आले. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत. त्यांचा सगळा राग रजिस्टरावर होता. आपण परवानगी नगरपालिकेकडे मागितली होती, अख्ख्या गावाकडे मागितली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. कुणीही बाई जाऊन ते वाचू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“वाचता येतं, गुरुजी. मागितलं की दाखवतात,” मी म्हणाले.

“मग हेच सांगा आता माझ्या भावाला.”

मग ते सायकलचं हॅन्डल धरून बोलत राहिले. प्लॉट तीन वर्षांपूर्वी घेतला होता. वेगळं राहायचं हे बायकोशी ठरलं होतं. वडिलांच्या तिथीआधी घर फुटायची गोष्ट काढायची नाही, दसऱ्याला सोनं देताना भावाच्या पाया पडून सांगू, असं मनात होतं. थोरल्यांनी जेवताना पान तसंच सोडलं होतं आणि तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते.

“भांडला असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “तो नको म्हणाला तर मी तिथं कुदळ मारणार नाही. परवानगी जाऊ दे वाया.”

ते गेले. माझं शनिवारचं पक्कं घर आता गिरणीवाल्याच्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द निघत नव्हता. त्यांनी उद्या भाऊसाहेबांना जाऊन जाब विचारला तर सोमवारचं रजिस्टरही बंद होणार, हे मला जेवताना सुचलं. आपण दोन भावांच्या मधे वही उघडून उभ्या राहिलो, याची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती, हे खोटं कशाला सांगू.

मंगळवारी सकाळी सातला मी बाजरीचा डबा घेतला आणि गिरणीत गेले. आमची बाजरी संपायला अजून आठवडा होता. पण रिकाम्या हातानं गेले असते तर त्यांना मला हाकलता आलं असतं. डबा नंबरात ठेवला की दळण संपेपर्यंत थांबता येतं. माझ्यापुढे दोन डबे होते. त्यांनी मला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. माझा नंबर आला.

“बारीक का जाड?”

“भाकरीचं,” मी म्हणाले. “काल मी चुकीच्या दिवशी आले. वहीतलं मोठ्यानं वाचलं, ती चूक माझी. गुरुजी तुम्हाला दसऱ्याला सांगणार होते.”

त्यांनी बाजरी वर ओतली. पट्टा सुरू झाला आणि बोलणं थांबलं. मी पिठाकडे बघत उभी राहिले, ते पट्ट्याकडे. दळण सरत आलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं. पट्टा थांबायला वेळ लागला.

“घट बसल्याबिगर मी त्याच्याशी ह्या गोष्टीवर बोलायचो न्हाई,” ते म्हणाले. डब्याचं झाकण दाबून बसवलं. “पाया किती धरलाय?”

मी म्हटलं, नकाशात चार फूट असेल, सगळे तेवढाच धरतात.

“तिथं काळी हाय. आमच्या आज्याचं रान शेजारीच हुतं. चार फुटात मुरूम लागत न्हाई. इंजिनेराला सांगा.”

एवढं बोलून त्यांनी पुढचा डबा ओढला. भाऊसाहेबांचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी डबा सायकलला बांधला आणि तशीच नगर रस्त्याच्या वसाहतीत गेले. गुरुजींच्या प्लॉटवर गवत होतं. शेजारच्या प्लॉटवर पायाचा खड्डा घेतलेला होता. चप्पल काढून त्यात उतरले आणि मातीवरून हात फिरवत खालपर्यंत गेले. चार फुटांना काळीच होती. मुरूम पाचाच्याही खाली लागला. ते वहीत गुरुजींच्या नावापुढे लिहिलं.

पुढं मुकादमाचं घर. तो दारात दात घासत होता. मी सायकलवरून उतरले नाही, एक पाय टेकवून सांगितलं, दिवाळीनंतरचा साडेसातशे फुटांचा स्लॅब आहे, सुप्याला शब्द देऊ नको.

“पक्कं हाय का, वैनी?”

पायाची खोली सांगणारा माणूस घर अडवणार नाही, एवढाच माझ्याकडे आधार होता. घट बसायला अजून बारा दिवस होते.

“पक्कं,” मी म्हणाले, आणि त्यानं कुणाचं घर ते विचारायच्या आत सायकल वळवली.