जाहिरातीतला हसरा माणूस

टीव्हीवर विम्याची जाहिरात लागली, की मला खामगावच्या थिएटरातला बिड्यांचा धूर आठवतो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. एका रविवारी त्यांनी आईला आणि मला सिनेमाला नेलं. सिनेमाआधी विम्याची जाहिरात लागली. एक माणूस हसत हसत सायकलवरून कामाला गेला, आणि पुढच्याच क्षणी भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो दिसला. त्या फोटोखाली बायको-पोरं नव्या घरात मजेत जेवत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "गेला थो बरंच झालं बे, घर तं झालं." सगळं थिएटर हसलं, वडीलही हसले. आई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी सायकल काढली, तसं तिनं मागून कॅरिअर धरलं. "आज जाऊ नका." "काऊन?" "थो मानूस बी असाच हसत गेलता. मले तसलं घर नाई पाह्यजे." मला हसू आलं. वडील हसले नाहीत. सायकल भिंतीला टेकवून ते ओट्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "छातीत दुखून राह्यलं, हे तुले कोनं सांगतलं?" तिला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते जिनिंगऐवजी दवाखान्यात गेले, आणि पुढे बरीच वर्षं जगले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आलो आहे. बायकोनं "बरं आहे ना?" असं विचारलं, की तोंडातून "हो" निघून जातं; खरं उत्तर द्यायला मला अजून थोडा वेळ लागतो.