मॅगझिन बाहेर, पिस्तूल गार

त्या कंपनी बेसवर आमच्या कोतमध्ये नऊ पिस्तुलं होती. पाच जुनी, चार नवी. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली, आणि मी तिथला आर्मोरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. हुद्दा हवालदार. जागा उत्तरेकडची, डोंगरातली. बटालियन मिश्र होती, देशभरातल्या पलटणींतून आलेली माणसं. बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच. केजचा मी आणि पालीचा उत्तम गायसमुद्रे.

मला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. आता केजला एस.टी. स्टँडच्या मागं माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या महिन्यात सिरसाळ्याचे एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आले. लायसन मिळालंय म्हणाले, आता पिस्तूल घ्यायचंय.

"फौजी, खरं सांगा. जुनं मॉडेल बरं का नवं?"

"मशीन आणली का?"

"कंची मशीन?"

"शिलाईची. मी तीच बघतो."

"आवो, तुमी मिल्ट्रीत हेच काम करत हुता म्हनं. सांगा की. कावून भाव खाता?"

भाव खात नव्हतो. या प्रश्नाचा मला वीट आलाय. लग्नात विचारतात, मयतीला विचारतात, सलूनमध्ये तोंडाला साबण लावलेला असताना विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमचं पिस्तूल नऊ एम.एम.चं, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या. जुनी पिस्तुलं महायुद्धाच्या काळातली, परदेशी बनावटीची. नवी त्याच नकाशावर आपल्याकडं बनलेली. जुन्याची पॉलिश उडालेली, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. हलवलं की डबीतल्या सुपारीसारखं वाजायचं. पण हातात असं बसायचं, की नेम धरावा लागत नसे. नवं घट्ट. रंग जाड, कडा बोटाला लागायच्या, स्लाइड, म्हणजे वरचं सरकतं झाकण, ओढायला जोर लागायचा. ट्रिगरही जड. पण सरावलेल्या हातात त्याचंही काही अडत नव्हतं. सेफ्टीचा खटका दोन्हींचा एवढासा. थंडीत हातमोजे घालून तो सापडला तर नशीब.

एक गोष्ट दोन्हींत सारखी होती. मॅगझिन काढली की ट्रिगर मरायचा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, गोळी असली तरी फायर होत नसे. ट्रिगरमध्ये एक छोटा प्लंजर असतो आणि त्याची स्प्रिंग, दोन्ही मिळून गव्हाच्या दाण्याएवढी. मॅगझिन आत नसली की हा प्लंजर ट्रिगरचा आणि हॅमरचा, म्हणजे ठोका देणाऱ्या घोड्याचा, संबंध तोडतो. चेंबरमधली गोळी विसरणाऱ्या माणसाच्या चुकीवर कुणीतरी शहाण्यानं काढलेला हा इलाज.

नवीन पोरं कोतमध्ये आली की मी हे दाखवायचो. मॅगझिन काढायची, नळी स्वतःच्या तळहाताला लावायची, ट्रिगर दाबायचा. काही होत नसे. मग मी म्हणायचो, "मॅगझिन बाहेर, पिस्तूल गार." त्यानंतर स्लाइड ओढा, चेंबर डोळ्यानं बघा, बोटानं चाचपा, हेही शिकवायचो. पण यमक जुळलेलं तेवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं.

सगळ्यात जास्त उत्तमच्या राहिलं. तो मशीनगन डिटॅचमेंटचा हवालदार, त्यामुळं कमरेला पिस्तूल. ड्यूटीवरून आला की मॅगझिन काढायचा, नळी छातीच्या खिशावर टेकवायचा, ट्रिगर दाबायचा आणि ओरडायचा, "मॅगझिन बाहेर, पिस्तूल गार!" मग स्लाइड ओढून गोळी काढायचा. माणसं बोटं मोडतात तशी त्याला ती सवय लागली होती. मी त्याला कधी शिव्या घातल्या नाहीत. उलट हसायचो. माझीच ओळ होती, बरं वाटायचं.

आता माझी चूक सांगतो. ब्रिगेडची फायरिंग कॉम्पिटिशन होती. आमच्या कॅप्टन साहेबांनी जुनं पिस्तूल निवडलं, नंबरच्या शेवटी बासष्ट. मी त्याचा ट्रिगर अजून हलका करायला त्यातला प्लंजर आणि स्प्रिंग काढून काडेपेटीत ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी हौस. साहेबांचा दुसरा नंबर आला, पाठीवर थाप मिळाली. दोन दिवसांत कंपनीला नवीन बेसवर हलायचा हुकूम आला. ट्रंका भरल्या, ट्रंका उतरवल्या. प्लंजर परत बसवायचा राहिला. विसरलो. याला दुसरा शब्द नाही.

तीन महिन्यांनी, सकाळी 0520 ला उत्तम कोतच्या खिडकीशी आला. त्याला दिवसभरासाठी वरच्या पोस्टवर जायचं होतं. तोंड पाडलेलं. मुलीच्या नामकरणासाठी मागितलेली रजा आदल्या दिवशी नामंजूर झाली होती.

"माजं पिस्तूल दे."

"तुझं खोलून पडलंय. एक्स्ट्रॅक्टर बदलायचाय. आज हे जुनं ने."

त्यानं बासष्ट नंबर हातात तोलला. ट्रिगर दाबून बघितला.

"लई गोड ट्रिगर हाय बे. माझ्या नव्याला असा कावून न्हाई?"

"तुझ्यासारखंच आहे ते. आडमुठं."

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं हसू तेवढंच. मी त्याला मॅगझिन दिली, गोळ्या मोजून दिल्या. मॅगझिन नसताना त्याचा ट्रिगर चालला होता, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला प्लंजर आठवला नाही.

1435 ला मी रेडिओ रूममध्ये होतो. वरच्या पोस्टचा, म्हणजे अल्फा वनचा, आवाज आला.

"टायगर फॉर अल्फा वन. वन कॅजुअल्टी. ओव्हर."

"अल्फा वन, दुश्मन का फायर? ओव्हर."

"निगेटिव्ह. अपना वेपन. हवालदार उत्तम. ओव्हर."

मग परत आवाज आला. "टायगर, कॅजुअल्टी इज फेटल. ओव्हर."

गोळी छातीच्या खिशातून गेली होती.

तिसऱ्या दिवशी 1000 वाजता कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजर साहेब अध्यक्ष. पहिला साक्षीदार हिमाचलचा शिपाई बलबीर. तो बंकरच्या बाहेर चहाला पाणी ठेवत होता. आवाज ऐकून आत पळाला, पिस्तूल उचलून बाजूला केलं. मॅगझिन ब्लँकेटवर पडली होती.

"मॅगझिन तुमने निकाली या पहले से बाहर थी?"

"याद नहीं, साहब. घबरा गया था."

"फायर से पहले कुछ सुना?"

"कुछ बोले थे, साहब. अपनी बोली में. आखिर में 'गार' जैसा कुछ."

मेजर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम उसी के जिले के हो. गार मतलब?"

"ठंडा, साहब."

त्यांनी लिहून घेतलं. मग हत्याराचा प्रश्न आला. जुन्या पिस्तुलात आणि नव्यात फरक काय? मी म्हणालो, फिनिशिंगचा. काम एकच. मॅगझिनशिवाय फायर होतं का? मी म्हणालो, नाही साहेब.

हे बोलताना मला सगळं कळलं होतं. 'गार' ऐकलं तेव्हाच कळलं होतं. तरी बोललो. नायब सुभेदारीच्या बढतीच्या बोर्डाला दोन महिने राहिले होते. घाबरलो होतो, साफ सांगतो.

मेजर साहेबांचा हिशेब सरळ होता. अपघात असता तर तो हत्यार साफ करताना, आणि सफाई करणारा माणूस आधी मॅगझिन काढतो. मॅगझिन नसताना हे पिस्तूल फायर होत नाही. म्हणजे फायर झालं तेव्हा मॅगझिन आत होती, आणि ती नंतर घाबरलेल्या बलबीरनं काढली. म्हणजे उत्तम सफाई करत नव्हता. रजा नामंजूर, नाराज होता, 'ठंडा' असं काहीतरी बोलला आणि छातीला लावून ट्रिगर दाबला. आत्महत्या.

1300 ला जेवणाची सुट्टी झाली. कंपनी क्लार्कनं मला बोलावलं. पालीहून फोन होता आणि त्याला बाईंचं मराठी समजत नव्हतं.

उत्तमच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज बसलेला होता.

"भाऊजी, हितं मानसं म्हनतेत, त्यांनी सोताच केलं. खरं हाय का?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ते तसं करनार न्हाईत. चार दिवसाखाली फोनवर पोरीला निजवलं त्यांनी. 'डोळे बंद, पोरगी गार,' असं म्हनत. तसा मानूस मरायला निघतो का? तुमी हुतात न्हवं तितं? तुमी सांगा."

"दुपारी सांगतो, वहिनी."

मी बॅरॅकमध्ये जाऊन ट्रंक उपसली. काडेपेटी तळाशी, मोज्यात होती. हलवली. वाजली.

1400 ला कोर्ट परत बसली. मी परवानगी मागितली आणि टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली, उत्तमचं नवं आणि बासष्ट नंबर. दोन्ही रिकामी करून दाखवली. नवं उचललं, हॅमर चढवला, मॅगझिन नसताना ट्रिगर दाबला. काही नाही. मग जुनं उचललं, तसंच केलं. टक् करून हॅमर पडला.

मेजर साहेब खुर्चीतून पुढं वाकले.

"ये कब से ऐसा है?"

"तीन महीने से, साहब."

"किसने किया?"

"मैंने."

मी काडेपेटी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. मग 'गार'चा पूर्ण अर्थ सांगितला, ती ओळ सांगितली, ती कुणाची तेही सांगितलं. बलबीर मान खाली घालून उभा होता. मेजर साहेबांनी चष्मा काढला. लिहिलेल्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि क्लार्कला नवीन कागद मागितला.

उत्तमच्या नावापुढं 'कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू' असं लागलं. माझं समरी कोर्ट मार्शल झालं, एक पट्टी उतरली. पुढची सगळी नोकरी नाईक म्हणून केली. कमी मिळालं, असंच मला वाटतं.

त्या दुपारी वहिनींना एवढंच सांगितलं, की त्यानं स्वतः केलं नाही, अपघात होता. माझं नाव सांगायची हिंमत फोनवर झाली नाही. ते मी रिटायर झाल्यावर, उत्तम गेला त्या तारखेला, पालीला जाऊन सांगितलं. त्यांच्या घरापासून बिंदुसरा धरणाची भिंत दिसते. मी बोलताना वहिनी तिकडं बघत होत्या.

"मंग तुमी सायबाला सांगितलं कावून?" त्या म्हणाल्या. "गप बसला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

"माझं काही गेलं नसतं. उत्तमचं नाव गेलं असतं."

त्या उठून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. मी अर्धा तास बसलो आणि चालत स्टॉपवर गेलो. त्या वर्षी चहा मिळाला नाही. मिळायला नकोच होता. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला गेलो. उत्तमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावलेली होती. मुलीनं पाणी आणून दिलं. तिसऱ्या वर्षी चहा मिळाला. तसंच चालू राहिलं. मी जातो, फोटोपुढं उभा राहतो, चहा पितो, निघतो.

गुत्तेदारांना मी शेवटी सांगितलं, जुनं घ्या, नवं घ्या, मॅगझिन काढली तरी ते गार आहे असं समजू नका. स्लाइड ओढा, डोळ्यानं बघा, बोटानं चाचपा. त्यांना ते उत्तर पटलं नाही. एवढ्यासाठी केजला आलो का, असं त्यांचं तोंड झालं.

यंदा पालीला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझी मशीन टाका सोडती. बघता का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही काम सांगितलं होतं. फडकं अंथरलं, मशीन खोलली. शटल, स्प्रिंग, स्क्रू, एकेक पुसून ओळीनं ठेवलं. तेल दिलं, सगळं जोडलं, चाक फिरवून बघितलं. टाका सरळ पडला. मुलगी आता कॉलेजला जाते, ती दारात उभी राहून बघत होती. वरच्या भिंतीवर उत्तम, बेल्ट घट्ट आवळलेला, हसू दाबलेलं.

मी उठायला लागलो तशा वहिनी म्हणाल्या, "समदं परत बसिवलं न्हवं, भाऊजी?"

आवाजात राग नव्हता. मी फडकं उचलून झटकून दाखवलं. काही पडलं नाही. तरी त्या खाली बसल्या आणि फरशीवर बोटं फिरवून चाचपून बघितलं, कोपऱ्यापर्यंत. त्यांचं होईपर्यंत मी उत्तमच्या फोटोपुढं सावधानमध्ये उभा राहिलो.