पंचाचा कान

बुलेट घेतली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. या दोन्ही गोष्टी विकणाऱ्याला समोर दिसत होत्या, तरी त्यानं ती मला विकली. तेव्हा सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी मारू नये.

गाडी जुनी होती आणि तिला कंपनीचा सायलेन्सर नव्हता. बाजारातनं आणून बसवलेली एक आखूड, चकचकीत नळी होती. तिच्यातनं असा आवाज यायचा की पहिल्यांदा चालू केली तेव्हा मीच दोन पावलं मागं सरकलो. चालत्या गाडीत किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की धडाड्दिशी फटाका फुटायचा. बायकोनं एकदा ऐकलं आणि मागं बसणार नाही म्हणून सांगून टाकलं. सोमवारी सायलेन्सर बदलतो, असं मी तिला म्हणालो. कुठल्या सोमवारी ते बोललो नव्हतो.

खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडायला लागला होता. आयुष्यभर मी खालच्या आवाजात बोललेला माणूस. वर्गात ओरडलो तरी मागच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. आता मी फाट्यावरनं वळलो की गावातली कुत्री उठून उभी राहायची. शाळेजवळच्या उतारावर मात्र मी इंजिन बंद करायचो आणि गाडी तशीच आवाज न करता फाटकात घ्यायचो. भीती तिथूनच सुरू झाली होती म्हणा ना.

कारण या सगळ्याच्या दोनच महिने आधी एक अर्ज झाला होता. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर गावातल्या पालकांनी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचं ठरवलं. पोरं बुलेटचे फटाके वाजवत फिरतात, लेकरांचा अभ्यास होत नाही, अशी तक्रार. अर्ज लिहायचा म्हटलं की आमच्या गावात माझ्याकडं येतात, कारण माझं अक्षर बरं आहे. मी दोन पानं लिहिली. 'कर्णकर्कश', 'असह्य', 'समाजविघातक' हे तिन्ही शब्द माझे. खाली पहिली सही माझी. परीक्षा झाली, निकाल लागायची वेळ आली, मी बुलेट घेतली, आणि अर्ज कुठल्या तरी फायलीत झोपला असेल असं समजून मीही निवांत झोपत होतो.

मे महिन्यात एका सकाळी भाच्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला निघालो. पांढरा सदरा, केसांना तेल, आठचा सुमार. फाटा दोनशे पावलांवर राहिला आणि रस्त्यावर आडवे लावलेले लोखंडी कठडे दिसले. पोलिसांची गाडी. कडेला उभ्या केलेल्या मोटारसायकली, आणि एक मेकॅनिक पाना घेऊन उकिडवा बसलेला.

माझा हात आपोआप किल्लीकडं गेला. इंजिन बंद झालं तेव्हा ते जाता जाता एक फटाका फोडून गेलं. सवय त्याला मीच लावली होती. फाट्यावरच्या कुणी मान वळवली का, हे बघायचा धीर झाला नाही. मी गाडी ढकलत डाव्या हाताच्या रानात घातली आणि कडब्याच्या गंजीमागं नेऊन उभी केली. वरनं चार पेंढ्या ओढून टाकल्या. सदऱ्याला कुसं लागली, गोखरूचे काटे पायजम्याला चिकटले.

वळून बघतो तर बांधापलीकडनं आमचा दूधवाला चाललेला. पंचविशीत मास्तर झालो तेव्हा मला मिळालेल्या पहिल्याच वर्गात तो होता, मीच त्याला बाराखडी शिकवली. आता गावातलं दूध गोळा करून नऊच्या आत संकलन केंद्रावर पोचवतो. नऊला तिथला टेम्पो निघतो, आणि मेच्या उन्हात राहिलेलं दूध दुपार बघत नाही. त्यानं गाडी हळू केली. माझ्याकडं बघितलं, गंजीकडं बघितलं, मान लववून नमस्कार केला आणि शेवटच्या वस्तीवरचं दूध घ्यायला वळला.

मी ठरवलं की चालत फाट्यावर जायचं आणि एसटीनं सोलापूर गाठायचं. पायी चाललेल्या माणसाचा सायलेन्सर कोण तपासणार? उलट परत घरी गेलो असतो तर वाचलो असतो. पण घाबरलेला माणूस हुशारी करायला जातो, आणि माझी हुशारी मला सरळ फौजदारासमोर घेऊन गेली.

"या गुरुजी," फौजदार म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो म्हणा की."

त्यांच्या हातात माझा अर्ज होता. त्यांनी समजावून सांगितलं की कारवाई तुमच्याच अर्जावर चालली आहे, जप्त केलेल्या सायलेन्सरचा पंचनामा करायचाय, प्रतिष्ठित पंच हवेत, आणि तुमच्याइतका प्रतिष्ठित इथं कोण? आवाज मोजायचं यंत्र दुसऱ्या मोहिमेवर गेलं होतं. बदललेली नळी तशी डोळ्यांनीही कळते, पण कुणी वाद घातला तर पंचांनी ऐकून सांगावं. म्हणजे तेवढ्या सकाळपुरता कायद्याचा कान मी.

मला खुर्ची दिली. तोंड कडब्याच्या गंजीकडं. हवालदारांनी दोन कोरे कागद पुढं केले, मजकूर मागनं भरतो म्हणाले, आणि मी न विचारता दोन्हीवर सह्या केल्या. त्या घटकेला त्यांनी माझी जमीन लिहून मागितली असती तरी मी सही केली असती.

पहिली बुलेट आली. मेकॅनिकनं चालू केली. मी म्हणालो, असह्य. दुसरी आली. असह्य. तिसऱ्या गाडीची नळी हुबेहूब माझ्या गाडीसारखी होती, तसाच आखूड तोंडाचा चकचकीत तुकडा. तिचा आवाज ऐकताना घाम कानामागनं मानेवर उतरला. मालक हात जोडून म्हणत होता की गाडी घेतली तेव्हाच ही बसवलेली होती. हे वाक्य मी आरशासमोर पाठ करून ठेवलं होतं. मी म्हणालो, असह्य. नळ्या एकेक करून माझ्या पायाशी येऊन पडत होत्या.

वारा सुटला की गंजीवरच्या चार पेंढ्या हलायच्या. एकदा तर गाडीच्या आरशाची काच उन्हात चमकली. मी फौजदारांना घाईघाईनं विचारलं की यंदा पाऊस कसा आहे म्हणतात. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

साडेआठला दूधवाला आला. दोन्ही बाजूंना किटल्या, वर ओलं पोतं. त्याच्या गाडीचा सायलेन्सर गंजून सडला होता. भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा तारेनं आवळलेला. आवाज मोठा होता, हे खोटं नाही. हवालदारांनी त्याला थांबवलं, पत्र्याकडं बोट केलं आणि हे काय बसवलंय म्हणून दरडावलं. तो सांगायला लागला, पण फौजदारांनी हात वर केला आणि माझ्याकडं वळले.

"बोला गुरुजी."

तो माझ्याकडं बघत होता. त्यानं एक शब्द बोलायचा अवकाश, सगळे त्या गंजीमागं जाणार होते. त्याला जाऊ द्या म्हटलं तर का म्हणून विचारतील, विचारलं तर बोलणं वाढेल, आणि बोलणं वाढलं तर तो बोलेल. एवढा हिशोब डोक्यात झाला आणि तीनदा तोच शब्द बोलून सैल झालेली जीभ चौथ्यांदाही तेच बोलून गेली.

असह्य.

मेकॅनिक पाना घेऊन वाकला. दूधवाल्यानं भांडण केलं नाही. किटल्यांवरचं पोतं नीट केलं, बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर ओतलं, आणि मोबाईलमध्ये वेळ बघितली. मग एकदा गंजीकडं बघितलं. त्या नजरेत मला धमकी दिसली. त्या किटल्यांमध्ये अर्ध्या गावचं दूध होतं, माझ्या घरच्या म्हशीचंसुद्धा. हे दूध नासलं तर संध्याकाळी घरोघर तो काय सांगणार? गुरुजींनी गाडी धरून दिली. का धरून दिली? आणि मग निघणार ती गंजी.

"साहेब," मी उभा राहिलो, "हा बदललेला न्हाय. सडलाय." फौजदार थांबले. आता थांबायला पाहिजे होतं, पण भीतीनं तोंड उघडलं की ते मिटत नाही. मी सांगत गेलो. बदललेल्या नळीत आतली जाळी नसते, म्हणून आवाज मोकळा येतो, छातीवर आदळतो. हा बघा, फाटका येतोय, पत्रा थरथरतोय. बदललेली नळी किल्ली बंद-चालू केली की फटाका फोडते, हिचा फुटणार नाही, पाहिजे तर करून बघा. तिसऱ्या गियरला चांगला फुटतो.

मेकॅनिकनं मान वर केली. नळ्या गेलेले तिघंही माझ्याकडं बघत होते.

फौजदारांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "गुरुजी, तुमची गाडी कुठं लावलीय?"

मी बोट केलं.

पुढचा प्रकार मी लांबवत नाही. माझी बुलेट कडब्यातनं ढकलत आणली गेली, हँडलला दोन पेंढ्या अडकलेल्या. ती सुरू केली तेव्हा आवाज ऐकून फौजदारांनी मला काहीच विचारलं नाही. नळी काढली आणि बाकीच्यांशेजारी ठेवली. स्वतःच्या मालाचा पंच मला होता येत नव्हतं. माझ्या सहीचे दोन्ही कागद हवालदारांनी माझ्यासमोर फाडले आणि नवीन पंच कोण असा प्रश्न पडला. फौजदार दूधवाल्याला म्हणाले, दूध टाकून ये, पंधरा दिवसांत हा सायलेन्सर बदल, आणि परत येऊन गुरुजींच्या पंचनाम्यावर सही कर.

तो गेला. तीन एसट्या गेल्या. प्रत्येकीत ओळखीचं कुणीतरी खिडकीला असणार म्हणून मी प्रत्येक वेळी बुटाची नाडी बांधत होतो. तो येतो की नाही, आला तर काय काय बोलतो, या विचारानं मला तहान लागली होती आणि पाणी मागायची लाज वाटत होती.

तो आला. किटल्या रिकाम्या होत्या, त्यांच्या खडखडाटावरनंच मला कळलं की टेम्पो गाठला. हवालदारांनी कागद पुढं केला आणि पेन दिलं. त्यानं पेन कानावर ठेवलं आणि कागद वाचायला घेतला. मोठ्यानं, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून, जसं मी पहिलीच्या वर्गात शिकवलं होतं तसं. माझं पूर्ण नाव, वय, हुद्दा, 'कडब्याच्या गंजीमागे लपवून ठेवलेल्या स्थितीत'. हवालदार म्हणाले, कर की सही. तो म्हणाला, वाचल्याबिगर सही करू नये म्हणून गुरुजींनीच शिकवलंय. हसणाऱ्यांत फौजदारही होते.

बिननळीची बुलेट चालू करायची सोय नव्हती. केली असती तर सोलापूरपर्यंत ऐकू गेली असती. मी ती ढकलत निघालो. थोड्या वेळानं मागनं तो फाटका आवाज आला. दूधवाल्यानं गाडी जवळ घेतली, पाय माझ्या गाडीच्या पायदानाला लावला आणि बसा म्हणाला. असा तो मला पायानं रेटत गावाकडं घेऊन निघाला. वेशीच्या अलीकडं मला राहवलं नाही. मी विचारलं, फौजदारासमोर तू गंजीकडं असा का बघत होतास?

"टेम्पो सुटला तर दूध कुठं ठेवायचं बघत होतो, गुर्जी. गंजीच्या सावलीला," तो म्हणाला. "तुमचं म्या कशाला सांगू? लपवताना तुमी लई भ्यालेले दिसलात."

मी हँडल घट्ट धरलं. उतार लागला होता, त्यानं पाय काढून घेतला, आणि गाडी आपसूक, आवाज न करता शाळेसमोरनं पुढं गेली. कुत्री उठली नाहीत. त्याच्या गाडीचा फटफटाट मात्र माझ्या मागं होता, आणि घर येईपर्यंत मी वळून बघितलं नाही.