पहिला दिवस कोणता

आमचं घर एका खोलीचं होतं. फैजपूरच्या पलीकडं, केळीच्या बागांमध्ये वसलेलं गाव. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या बागेत मजुरीला. आबा घड कापून खांद्यावरून गाडीपर्यंत आणायचे, माय वाळलेली पानं ओढायची. केळीच्या चिकाचे काळे डाग त्यांच्या कपड्यांवरून कधी गेले नाहीत.

खोली एकच, त्यामुळं माय बाहेरची झाली की पंचाईत व्हायची. मागं शेळीसाठी पत्र्याचं छप्पर होतं, तिथंच तिचं अंथरूण पडायचं. मजुरी मात्र त्या चार दिवसांतही चुकायची नाही. बागेत पानांचे भारे उचलताना विटाळ नव्हता, घरात घागर उचलताना होता. पाचव्या दिवशी पहाटे ती डोक्यावरून पाणी घ्यायची, चूल पेटवायची आणि दाराच्या मागं कोळशानं एक रेघ ओढायची. पुढच्या खेपेला कधी बसावं लागेल, कुणाच्या लग्नाला जाता येईल का, ती त्या रेघेपासून मोजायची. मला पाळी आली तेव्हा मलाही तिनं तेच शिकवलं. न्हाणं झालं की रेघ.

आमच्या घराण्यात दहावी पास झालेली मी पहिली आणि कॉलेजचं तोंड पाहिलेलीही पहिलीच. एसटीचा पास काढून बी.एस्सी. केलं. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे. पुढं धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्नही धुळ्याच्याच घरात झालं. नवरा रेल्वेत, भुसावळला, रुळांच्या कामावर. नोकरी सोडायची नाही असं मी लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणून तो भुसावळच्या क्वार्टरमध्ये आणि मी सासूबाईंजवळ धुळ्यात, असा आमचा संसार सुरू झाला. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

तीन वर्षं झाली, मूल नाही. अक्का तोंडानं काही बोलल्या नाहीत. गल्लीनं मात्र कसर ठेवली नाही. एका बारशाला शेजारची बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काय वं, बी.एस्सी.ला एवढं शिकवतात, हे नाही शिकवत का?" मी हसले आणि घुगऱ्या घेऊन घरी आले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शिकवलं होतं, असंच मला वाटत होतं. चौदाव्या दिवशी बीज सुटतं, हे मी पेपरात आकृती काढून लिहिलेलं होतं. त्याप्रमाणं दर महिन्याला मोजून नवऱ्याला फोन करायची, अमुक तारखेला या. तो ड्युटी बदलून घ्यायचा. त्याच्या गँगमधले चिडवायचे, "काय भाऊ, परत गाव? तुझ्या घरी दर महिन्याला सत्यनारायण असतो का?"

"असतो," हा म्हणायचा आणि एसटीत बसायचा. कधी बसायला जागा नाही, कधी पारोळ्याला गाडी बंद पडलेली. घामाघूम होऊन यायचा. अक्का शेवभाजी करायच्या, देवळात जाते सांगून मुद्दाम उशीर लावायच्या. आठवडा होतो न होतो तोच मी पुन्हा बाहेर बसलेली. तिसऱ्या वर्षी आम्ही फोनवर त्या विषयाचं बोलणंच सोडलं. तारीख सांगायची, तो "बरं" म्हणायचा.

शेवटी जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. धुळ्यात गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. बाईंनी दोघांच्याही तपासण्या करायला लावल्या. नवरा आधी कचरला, मग तयार झाला. दुसऱ्या खेपेला बाईंनी रिपोर्ट पाहिले. दोघांचंही सगळं ठीक होतं. त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "मागची पाळी किती तारखेला आली?"

"अकराला."

"किती दिवस जातं?"

"सात तारखेपासून अकराच्या पहाटेपर्यंत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अकराला आली, आणि सातपासून जात होतं?"

"सातला बाहेरची झाले. अकराला डोक्यावरून पाणी घेतलं."

"आणि दिवस मोजता कुठून?"

"अकरापासून."

"का?"

मी म्हटलं, "त्याआधी मी घरात नसते ना."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "लाल डाग दिसला तो पहिला दिवस. सात तारीख. आंघोळीचा पाचवा." मग त्यांनी मागच्या महिन्यांच्या तारखा विचारल्या. माझी पाळी पंचवीस दिवसांनी येते. "चौदावा दिवस अठ्ठावीसवाल्यांचा. बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे तुमचं अकराव्याच्या आसपास, एखाद-दोन दिवस मागंपुढं. बीज दिवसभर टिकतं, पुरुषाचं चार-पाच दिवसही टिकतं. म्हणून सहाव्यापासून बाराव्यापर्यंतचे दिवस तुमचे. तुम्ही यांना बोलावत होतात अठराव्याला."

नवरा म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं मी गाडी सुटल्यावर फलाटावर येत होतो."

आता बाईही हसल्या. जाताना त्यांनी अंगावरून जाणारं पाणीही बघायला सांगितलं. त्या दिवसांत ते पातळ, पारदर्शक होतं, बोटांत ताणलं तर तार सुटते. "अंड्याच्या पांढऱ्यासारखं," त्या म्हणाल्या. आमच्या दोन्ही घरांत अंडं कधी फोडलेलं नाही. मी तसं सांगितलं. "बरं, भेंडी चिरता ना? तशी तार," त्या म्हणाल्या. मग समजलं.

एसटीत मला राग येत होता, स्वतःचाच. 'पाळीचा पहिला दिवस' हे मी किती वेळा वाचलं असेल! पण मायच्या रेघेपाशी कुठलंच पुस्तक पोचलं नव्हतं. पुस्तकातली बाई वेगळी आणि मी वेगळी, असं काहीतरी डोक्यात असणार.

घरी अक्कांना सांगितलं. त्या अहिराणीत म्हणाल्या, "डोकावरथीन पाणी लिधं तो पहिला दिन. त्याना पहिले बाई मोजामा येस का?"

"त्याआधीही येते मोजण्यात, अक्का. तिथूनच मोजायचं असतं."

त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मंग तशी मोज. शिकेल तू शे." शिकलेली तू आहेस, असं.

पण अडचण निघालीच. कॅलेंडर स्वयंपाकघरात, आणि पहिल्या दिवशी मला स्वयंपाकघरात जायचं नाही. मी मोबाइलमध्ये लिहिणार होतेच, पण अक्कांना भिंतीवर खूण हवी होती. पुढच्या पाळीला मी मागच्या खोलीतून हाक मारली, "अक्का, आज!" त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी पेन घेतलं, शेजारणीच्या मुलीला आजची तारीख दाखवायला सांगितली आणि त्या आकड्याभोवती वाकडातिकडा गोल काढला. चार दिवस बसणं मी लगेच सोडलं, असं खोटं सांगणार नाही. पण आमच्या घरात पहिला दिवस भिंतीवर चढला तो अक्कांच्या हातानं.

पहिल्या महिन्यात नवरा आला, काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात ऐन दिवसांत त्याची रजा रद्द झाली. मी चिडले, तर अक्का म्हणाल्या, "आपनच भुसावळ जाऊत." मी कॉलेजात रजा टाकली. दोघी डबा घेऊन गेलो. अक्का दोन रात्री भुसावळलाच बहिणीकडं राहिल्या आणि मला बजावून गेल्या, "माले बलावानं नही." तेव्हाही काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, दिवस बरोबर धरले तरी दर खेपेला गर्भ राहतोच असं नाही, वर्षभर तरी दम धरा. आता निदान आम्ही योग्य दिवसांत दम धरत होतो. फोनवर पुन्हा बोलायला लागलो. तो विचारायचा, "भेंडीची भाजी झाली का?" आणि दोघं हसायचो.

पाचव्या महिन्यात पंचविसावा दिवस गेला. सव्विसावा गेला. अक्का रोज सकाळी पेन घेऊन दारात यायच्या. "आज?"

"नाही."

तिसाव्या दिवशी त्यांनी विचारणं बंद केलं आणि मला पाण्याची बादली उचलू देईनात. पस्तिसाव्या दिवशी तपासणी केली, दिवस गेले होते. भुसावळला फोन लावला तेव्हा हा रुळावर होता. त्यानं तीन वेळा तेच विचारलं, मी तीन वेळा तेच सांगितलं.

धुळ्यातच, दिवस पूर्ण भरून, आम्हाला मुलगी झाली. वजन तीन किलोला थोडं कमी भरलं. मुलगी आणि मी, दोघी सुखरूप घरी आलो.