एका डोळ्यानं डोंग्यावर

सरपंचाच्या घरी गावातला पहिला फोन लागला, त्या वर्षी धान कापताना माझ्या डाव्या डोळ्यात लोंबीचं टोक घुसलं. आम्ही ढिवर, तलावातले मासे धरून जगणारे. पण कापणीच्या दिवसांत आरमोरीकडचं सगळं गाव धानाच्या बांध्यांत असतं, तसे आम्हीही मजुरीला जायचो. चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचेपर्यंत डोळ्यात फूल पडलं होतं. जखम भरली, ठणका गेला, नजर मात्र गेली ती गेलीच.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "एक तं आहे ना!" जणू चपलेचा जोड होता आणि एक चप्पल वाचली. त्यांना काय कळणार? बायको कप पुढे करायची आणि मी चहा कपाच्या अलीकडे, जमिनीवर ओतायचो. धुऱ्याच्या उंचवट्यावरून खाली धानाच्या बांधीत उतरताना जमीन वाटायची त्याहून खाली निघायची आणि कंबरेत सणक भरायची. पण हे सगळं महिन्याभरात हातापायांना कळलं. नीट चालायला लागलो, सायकलही चालवली. म्हटलं, आता डोंगा.

आमचा डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडाचा कोरलेला, जेमतेम पाय मावतील एवढा अरुंद. मागचा माणूस बांबूनं डोंगा ढकलतो आणि पुढचा टोकाशी उभा राहून जाळं फेकतो. फेकताना सगळं अंग फिरतं, तेव्हा तोल गेला की संपलं. म्हणून लहानपणीच शिकवतात: पाण्याकडे पाहायचं नाही, नजर पलीकडच्या पाळीवर, तलावाच्या बांधावर ठेवायची. मीही तसाच शिकलो होतो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमचा तलाव मासेमारीला उघडतो. त्या दिवशी म्होरक्या पाळीवर उभा राहून एकेका घराला विचारतो, "तुमच्या डोंग्यावर कोण?" घरचा कर्ता सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगतो. ज्याचं नाव निघालं, त्या घरचं जाळं वर्षभर त्याच्या हाती. बाबांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचं उत्तर मी होतो.

थंडी ओसरल्यावर बाबांना मागे बसवून डोंगा पाण्यात घातला. पुढच्या टोकाशी उभा राहिलो, पलीकडच्या पाळीवर नजर लावली, जाळं उचललं आणि सरळ पाण्यात. पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. तिसऱ्या खेपेला जाळ्यात पाय गुंतले आणि मी तळाशी गेलो. त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी बाबांनी उडी घेतली आणि मला केसाला धरून वर काढलं.

"आता बस झालं," काठावर धापा टाकत ते म्हणाले. "यंदा तुया चुलतभावाले उभं करतो. तू घरी जाळे वीण."

"काऊन? मी काय मेलो का?"

"मेला असतास आताच!"

मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आला तो संताप. घरात धडधाकट माणूस असताना त्याचं जाळं दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार, आणि मी सावलीत बसून गाठी मारणार! ते मी होऊ देणार नव्हतो.

मी पुन्हा चंद्रपूर गाठलं. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "डोळा गेला, मान्य. पण पाय शाबूत आहेत. मग मी पडतो कशानं?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माणूस नुसता पायांवर उभा नसतो, डोळ्यांवरही असतो. उभं असताना अंग सारखं थोडंथोडं डोलतं. समोरचं किती सरकलं ते डोळे टिपतात आणि पाय स्वतःला सावरतात. जवळ काय, लांब काय, हे दोन डोळे मिळून फार बारकाईनं सांगतात. तुमचं नेमकं तेच कमी झालंय. जमिनीवर पाय भरून काढतात, पण डोंगा स्वतःच हलतो.

"मग उपाय?"

"सवय होईल. कधी, ते सांगता येत नाही."

तलाव काही माझ्या सवयीसाठी थांबणार नव्हता.

बाबांनी बांबूला हात लावायला नकार दिला. मग बायको आली. गुडघाभर, मांडीभर, पुढे छातीभर पाण्यात उतरून ती डोंग्याचं मागचं टोक धरायची. मी पुढे उभा राहायचो आणि पडायचो. एवढं पाणी मी नाकातोंडातून प्यायलो की तलाव माझ्यामुळेच उतरतोय, असं ती म्हणायची.

एक दिवस डोंगा शेवाळात अडकला. तो ओढायला ती माझ्या पुढे आली आणि पाठमोरी होऊन पुढचं टोक ओढू लागली. मी तिच्या पाठीकडे पाहत बोलत होतो. बोलता बोलता ध्यानात आलं, डोंगा चांगला हिंदकळतोय आणि मी उभा आहे.

"बाजूले हो," मी म्हटलं. ती झाली. मी पाळीकडे पाहिलं आणि धपकन पडलो.

"आता पुढं ये." ती आली. मी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि उभा राहिलो.

मग आम्हाला खुळच लागलं. ती पुढे, बाजूला, पुन्हा पुढे. अंधार पडेपर्यंत हेच चाललं. घरी जाताना मला उमगलं. पलीकडची पाळ एवढी लांब की मी इकडे कललो काय नि तिकडे, ती जागची हलल्यासारखी दिसतच नाही. जवळची वस्तू मात्र मी जरा कललो की लगेच सरकते आणि पाय सावध होतात. जुन्यांनी शिकवलेलं खोटं नव्हतं, पण ते दोन डोळेवाल्यांसाठी होतं. मी ते एका डोळ्यानं पाळत बसलो होतो.

"मंग मले डोंग्यातच बसू द्या, तुमच्या पुढं," ती म्हणाली. "बांबू मी चालवीन."

बाई डोंग्यात बसून बांबू मारते, हे आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय फेकणारा मागे आणि ढकलणारी पुढे, म्हणजे सगळंच उलटं. गावानं सोडलं नाही. "बायकोले पाह्यल्याशिवाय याचा पायच टिकत नाई!" म्हणून पोट्टे हसायचे. मी म्हणायचो, खरं आहे. जाळं तिच्या बाजूनं फेकायला शिकायला वेळ लागला. एकदा मासे राहिले बाजूला, तीच जाळ्यात सापडली. तिनं मला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही.

तलाव उघडायच्या दिवशी आम्ही दोघं डोंगा घेऊन पाण्यात थांबलो होतो. बाबा पाळीवर होते. त्यांनी बोलावलेला चुलतभाऊ खांद्यावर स्वतःचं जाळं टाकून शेजारीच उभा होता. म्होरक्यानं आमच्या घराकडे पाहिलं.

"तुमच्या डोंग्यावर कोण?"

बाबांनी चुलतभावाकडे पाहिलं, मग डोंग्यातल्या आम्हा दोघांकडे. म्होरक्यानं पुन्हा विचारलं.

"माया पोरगा," बाबा म्हणाले. मग आवाज चढवून, "अन् माई सून."

पाळीवर कुजबुज झाली. "बाईले असं डोंग्यावर सांगत नसते, भाऊ," म्होरक्या म्हणाला.

"मंग आजपासून सांगतो."

माझ्या होत्या त्या एका डोळ्यात पाणी भरलं. समोरची पाठ पुसट झाली आणि डोंगा डुचमळला.

"रडाचं असन तं पाळीवर जाऊन रडा," ती मागे न बघता म्हणाली. "इथी नीट उभे राहा."

मी बाहीनं डोळा पुसला, तिच्या पाठीवर नजर रोवली आणि जाळं फेकलं. ते पाण्यावर गोल पसरलं, बुडालं. मी उभा होतो.