किसनमामांचा तिसरा ठोका

भानामती, अंगात येणं, हडळ-बिडळ... असला विषय कुणी काढला की मी ताटावरून उठणारी बाई. माझ्या चुलतीच्या अंगात यायचं, तर शाळेत असताना मीच तिच्या तोंडावर गार पाण्याचा तांब्या मारला होता — आणि अंगातलं लगेच उतरलं! पुढं वनरक्षक झाले, बारा वर्षं जंगलात एकटी फिरले. घाबरले ती माणसांनाच. तेव्हा खालचं वाचून 'मॅडमला ऊन लागलं असेल' म्हणायचं तर खुशाल म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

सोयगावच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला आमचं अभयारण्य. फर्दापूरला लेणी बघायला येणारी गर्दी इकडं सहसा वळत नाही. उन्हाळ्यात ओढे आटले की सिमेंटच्या मोठ्या बशीसारखे पाणवठे आहेत, त्यात आम्ही टँकरनं पाणी सोडायचो. एक दिवसाआड, दुपारी. टँकर असो की जीप, गाडीवर सलीमभाई. पाणी सोडायचे किसनमामा — आमचे वनमजूर, साठीला टेकलेले, हातात कायम तांब्याची तार गुंडाळलेली काठी.

मामांची एक पद्धत होती. पाण्याशी एखादं अस्वल बसलेलं असलं तर ते निघून जावं, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यावर आधी दोन ठोके द्यायचे. मग थांबायचं. वॉल्व्ह उघडून पाणी पडायला लागलं की तिसरा. जनावरं हे शिकली होती. दोन ठोक्यांना झाडीत सरकायची, तिसऱ्याला बाहेर यायची. रोही म्हणजे नीलगायी, डुकरं, सगळी.

"पाण्याआधी तिसरा ठोका द्यायचा नाय, ताई," मामा सांगायचे. "मुकं जनावर इस्वासानं येतं. त्याच्याशी खोटं बोलल्यावानी व्हतं."

आणि मी अतिशहाणी! एकदा साहेबांच्या ओळखीचे पाहुणे आले. जनावर दिसेना म्हणून तोंडं वाकडी करायला लागले. मला चेव आला. मामांच्या हातातली काठी हिसकावली आणि दिले तीन ठोके — धड धड धड! टँकर त्या दिवशी नव्हताच. पंधरा-वीस रोही बाहेर आले आणि कोरड्या बशीत नाक घालून उभे राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढले. मामांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि ते चालते झाले. आठवड्यात तो व्हिडिओ सोयगावच्या बाजारात फिरत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, टँकर नसताना, डबा वाजला. सलग तीन. मी दुसऱ्या टोकाला होते. मामा जवळ होते, ते एकटेच धावले.

आम्ही पोचलो तेव्हा पाणवठ्याभोवती पाच रोही पडले होते. मांस कापून नेलेलं, मुंडकी तिथंच. एका गाभण मादीचं पोट उभं फाडलेलं, आतलं पिल्लू मातीत. आणि मामा बशीच्या आत उताणे, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. ज्या बशीत ते पाणी सोडायचे तिच्यात त्यांचंच रक्त साचलं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडं नेताना सिल्लोडच्या अलीकडंच गेले, माझ्या मांडीवर. त्यांची काठी तेवढी सापडली नाही.

मी रडले नाही. त्या लोकांना डबा वाजवायला मीच शिकवलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. केस पोलिसांकडं गेली, पण शिक्षा मी मनात ठरवून टाकली होती. तो माणूस माझ्या हाताला लागू दे, बस्स.

महिना गेला. एका दुपारी मी आणि सलीमभाई जीपनं निघालो होतो, तेवढ्यात पाणवठ्याकडून आवाज आला. सलग तीन.

"मॅडम, आज टँकर किधर है?" सलीमभाईंनी ब्रेक दाबला.

मी पोलिसांना फोन लावला. तोवर बंदुकीचा बार झाला आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी. जीप तिथंच सोडून आम्ही पळालो.

जखमी डुक्कर उलटून शिकाऱ्यांच्या अंगावर गेलं होतं. बाकीचे बंदुकीसकट पसार. एकजण पडला होता, मांडी गुडघ्यापासून वर फाटलेली, आतलं पांढरं दिसत होतं. दहा पावलांवर डुक्कर मरून पडलेलं. त्यांचा डबा पायाखाली येऊन पार चपटा झाला होता. आणि त्या माणसाच्या मुठीत... तांब्याची तार गुंडाळलेली काठी.

"मैं गाडी लेके आता, तुम उसकी टांग बांधो!" म्हणत सलीमभाई मागं पळाले.

मी टांग बांधली नाही. मुठीतली काठी ओढून घेतली. "मुडद्या, ही कुणाची?"

"म्हातारा आडवा आला, बाई... माझ्या हातून झालं... पाणी द्या..."

मी मारलं. दोनदा. खोटं कशाला सांगू? मनगटाचं हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. मग पाण्याची भरलेली बाटली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. दहा मिनिटं नुसतं बघत राहिले असते तरी काम झालं असतं. रक्त थांबत नव्हतं.

तेव्हा डबा वाजला.

दोन ठोके. मग शांत.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. चपटा डबा माझ्या पायाशी, काठी माझ्या हातात. पुन्हा दोन. पुन्हा शांत. झाडीत रोही येऊन उभे होते, कान टवकारून. तो माणूस रक्तात लोळत होता, तरी ते बघत होते माझ्याकडं.

"मामा, हाच तुमचा खुनी आहे हो!" मी मोठ्यानं ओरडले.

दोन ठोके. थांबले.

आता मला रडू फुटलं. बाटलीचं झाकण कधी उघडलं ते आठवत नाही. खाली बसले, त्याची मान उचलली, पहिली धार त्याच्या तोंडात पडली... आणि धड! तिसरा. अगदी माझ्या कानाशी.

मग कमरेचा पट्टा काढून मांडी आवळली. सलीमभाई जीप घेऊन आले. "मॅडम, डब्बा कौन बजा रहा था?" एवढंच विचारलं. मग त्यांना तो चपटा डबा दिसला.

जबाबात मी काठीचे दोन फटके सांगितले, ते मला भोवलेही. ठोके मात्र सांगितले नाहीत. कोण लिहून घेणार? कुणी म्हणतं सुतारपक्षी, कुणी म्हणतं डोंगराचा आवाज. अहो, सुतारपक्षी पाणी पडायची वाट बघतो का?

तो माणूस वाचला. त्याला बघितलं की अजूनही माझा हात शिवशिवतो. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात लंगडत माझ्यापाशी आला, पोलीस सोबत होताच. खाली बघत हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू? तो म्हातारा... मेला व्हता ना नक्की?"

"माझ्या मांडीवर," मी म्हटलं.